अमेरिकेतली दुही आणि गावचं वृत्तपत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दीड-दोन वर्षांत अमेरिकेच्या राजकारणावर आपल्या अंकात जे छापून आलं, ते मी इथे ओहायोत बसून वाचत आले. जुलै २०२४मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बटलर गावच्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर झालेला गोळीबार, १४ जून २०२५ला मिनेसोटाच्या लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची राहत्या घरी झालेली हत्या, त्याच वर्षी १० सप्टेंबरला युटाच्या विद्यापीठात भर सभेत उजव्या विचारांचे तरुण नेते चार्ली कर्क यांची गोळी घालून झालेली हत्या. बटलर आमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे. त्या दिवशी माझी मुलगी त्याच बाजूला कामाला गेली होती आणि तिचा फोन येईपर्यंत मी अंगणातच उभी होते.

बातम्या खऱ्या आहेत. पण त्यांच्यावरच्या लेखांत चित्र नेहमी एकच असतं: एकीकडे लाल म्हणजे रिपब्लिकन, दुसरीकडे निळे म्हणजे डेमोक्रॅट, आणि मधे मोकळं रान. मी तीस वर्षं यंग्जटाउनजवळ राहते. मधे काय होतं आणि ते कसं गेलं, हे मी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

यंग्जटाउन हे पोलादाचं गाव. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, या दिवशी इथला मोठा कारखाना बंद होणार असं जाहीर झालं आणि सुमारे पाच हजार लोकांची रोजीरोटी गेली. मी नव्वदच्या दशकात आले, तेव्हाही लोक त्या सोमवारबद्दल काल-परवा घडल्यासारखं बोलत. मार्च २०१९मध्ये जवळच्या लॉर्ड्सटाउनचा मोटारींचा कारखाना थांबला. आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला 'द व्हिंडिकेटर' हे आमचं दैनिक दीडशे वर्षांनंतर बंद झालं. शेजारच्या वॉरन गावच्या वृत्तपत्राने ते नाव विकत घेतलं, त्या नावाने अंक आजही निघतो. पण छपाईच्या वासाचं, चुकीच्या बातमीबद्दल फोन करून भांडता येईल असं आपलं कार्यालय गेलं ते गेलंच.

त्या दैनिकातल्या वाचकांच्या पत्रांच्या पानाबद्दल मला सांगायचं आहे. पत्राखाली नाव आणि गाव द्यावंच लागे. छापण्याआधी कार्यालयातून फोन येई, पत्र तुमचंच ना म्हणून. शाळांसाठी घरपट्टी वाढवायची तर ओहायोत लोकांचं मत घ्यावं लागतं. त्याला इथे लेव्ही म्हणतात. एका वर्षी मी लेव्हीच्या बाजूने पत्र लिहिलं. आठवड्याने एका गृहस्थांचं उत्तर छापून आलं, की या बाईंना पगार आहे, आमच्यासारख्या निवृत्तांनी घरं विकायची का? मला राग आला. उत्तराचं उत्तर लिहायला घेतलं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशांच्या जेवणाला गेलो होतो. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत इथे दर शुक्रवारी असं जेवण असतं आणि सगळं गाव जातं, कुठल्याही धर्माचं असो. लांब टेबलावर समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं, मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे लेव्हीवाल्या तुम्ही." ते तेच होते. कारखाना गेल्यावर पेन्शन कशी कापली गेली, छपराला किती खर्च आला, बायकोच्या औषधांचं काय, हे सगळं त्यांनी तळलेल्या माशाचा तुकडा काट्याला तसाच ठेवून सांगितलं. मी मत बदललं नाही, त्यांनीही नाही. पण पुढच्या वेळी मी लिहिलं ते ज्येष्ठांना घरपट्टीत मिळणाऱ्या सवलतीबद्दल, आणि ती घेण्याचा अर्ज कुठे मिळतो याबद्दल. त्यांनी पुन्हा विरोधात लिहिलं, तेव्हा माझा उल्लेख 'आमच्या शेजारच्या बाई' असा केला होता.

आज असं भांडण होतं ते मोबाइलवर, आणि तिथे नाव-गाव लागत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये आमच्याच राज्यातल्या स्प्रिंगफिल्डचं काय झालं, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. हैतीहून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, अशी अफवा फेसबुकवर उठली आणि बघता बघता थेट अध्यक्षीय वादचर्चेच्या मंचावर गेली. गावचे अधिकारी सांगत होते की असा कुठलाही विश्वासार्ह पुरावा नाही. राज्यपाल माइक डिवाइन स्वतः रिपब्लिकन, जन्म स्प्रिंगफिल्डचा. तेही जाहीरपणे सांगत होते की हे खरं नाही. तरी बॉम्ब ठेवल्याच्या तीसहून अधिक खोट्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. गावातल्या लोकांना खरोखरचे प्रश्न होते. दवाखान्यात गर्दी, घरभाडी वाढलेली, शाळेत दुभाषे कमी. त्यांवर बोलायला कोणाला सवडच राहिली नाही.

पूर्वी सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं मी म्हणत नाही. १८५६मध्ये दक्षिणेतल्या एका प्रतिनिधीने सिनेटच्या सभागृहात घुसून सिनेटर चार्ल्स समनर यांना गुलामगिरीविरोधी भाषणासाठी काठीने रक्तबंबाळ केलं होतं. पुढे यादवी युद्ध झालं. काळ्या लोकांना मतदानासाठी किती रक्त सांडावं लागलं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे जुन्या काळाच्या नावाने गळा काढणाऱ्यांत मी नाही. मला जाणवतो तो फरक वेगळा आहे. तो आपल्याकडच्या सोयरिकीच्या भाषेत चटकन कळतो. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं १९६०च्या सुमारास अमेरिकनांना विचारलं, तेव्हा शंभरातले जेमतेम पाच हो म्हणाले. २०१०मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोक हो म्हणाले. पक्ष हा मतदानापुरता राहिला नाही, त्याची जात झाली. आणि जात म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

याची कारणं पुष्कळ सांगतात. रेडिओ-टीव्हीवर वादाच्या दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन १९८७मध्ये उठलं, १९९६मध्ये चोवीस तास बातम्यांच्या नव्या वाहिन्या आल्या, मग फोन आले. सगळं बरोबर आहे. पण २००५पासून या देशात तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रं बंद पडली, याकडे लक्ष कमी जातं. गावचं वृत्तपत्र गेलं की माणूस राजकारण वाचायचं थांबवत नाही. तो फक्त वॉशिंग्टनचं राजकारण वाचू लागतो. तिथल्या माणसाशी त्याची माशांच्या जेवणाला गाठ पडत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जच्या 'द डेझर्ट सन' या दैनिकाने जुलै २०१९मध्ये महिनाभर एक प्रयोग केला. मतांच्या पानावर राष्ट्रीय राजकारण अजिबात छापायचं नाही. लेख नाही, वाचकांचं पत्र नाही, व्यंगचित्रही नाही. लोक गावाबद्दल लिहू लागले: जुन्या इमारती जपायच्या कशा, रस्त्यावरची वाहतूक, वाळवंटाचं पर्यावरण. तिघा अभ्यासकांनी त्या महिन्याआधी आणि नंतर पाम स्प्रिंग्जच्या लोकांची पाहणी केली, आणि तुलनेला त्याच राज्यातलं व्हेंच्युरा घेतलं, जिथे वृत्तपत्राने असा बदल केला नव्हता. दुसऱ्या पक्षाच्या लोकांबद्दलचा दुरावा पाम स्प्रिंग्जमध्ये व्हेंच्युराच्या मानाने कमी वेगाने वाढला, आणि वृत्तपत्र वाचणाऱ्यांत हा फरक अधिक दिसला. फरक मोठा नव्हता. पण एका महिन्यात, एका पानाने, पैसा न खर्चता एवढं घडत असेल तर ते मला थोडं वाटत नाही. मतं बदला, असं कोणाला सांगितलं नाही. कोणाला गप्पही बसवलं नाही.

आणखी एक जागा अजून शिल्लक आहे, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नागरिकत्व घेतल्यापासून मी दर निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करते. ओहायोत केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांत एकाच पक्षाचे लोक निम्म्याहून जास्त ठेवता येत नाहीत. जिल्ह्याच्या निवडणूक मंडळावर चार जण, दोन या पक्षाचे, दोन त्या. मतपत्रिका ठेवतात त्या खोलीला दोन कुलपं असतात. एक किल्ली रिपब्लिकनांकडे, दुसरी डेमोक्रॅटांकडे, एकट्याला दार उघडता येत नाही. आणि रात्री मतदानाचं मोहोरबंद सामान मंडळाच्या कार्यालयात पोचवायचं ते दोन पक्षांच्या दोघांनी, एकाच गाडीतून.

५ नोव्हेंबर २०२४ला माझ्या जोडीला निवृत्त स्कूलबस चालक बाई होत्या, पक्क्या रिपब्लिकन. पहाटे साडेपाचला आम्ही टेबलं मांडली. मतदान साडेसहाला सुरू होऊन संध्याकाळी साडेसातला संपलं. दिवसभरात एकदाही पक्षाचं नाव निघालं नाही, कारण कामच सरत नव्हतं. कोणाचा पत्ता बदललेला, कोणाला चष्म्याशिवाय वाचता येईना. एक तरुण पहिल्यांदा मत द्यायला आला, तेव्हा प्रथेप्रमाणे आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री मोजदाद जुळेना, एकाचा फरक येत होता. आम्ही दोघींनी सगळी पानं पुन्हा मोजली. दोन पानं चिकटलेली निघाली. गाडीत मागच्या सीटवर पेटी ठेवली, ती वळणावर सरकेल म्हणून त्यांनी तिला सीटबेल्ट लावला आणि मला म्हणाल्या, "तू ओढून बघ, घट्ट आहे का." मी ओढून पाहिलं. निकाल काय लागणार, हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं, आणि त्यातल्या एकीची रात्र वाईट जाणार हे दोघींना माहीत होतं.

त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोन कुटुंबं आरतीला आली नाहीत, कारण व्हॉट्सॲपवर ट्रम्प-हॅरिसवरून शब्दाला शब्द वाढला होता. वीस वर्षं एकमेकांच्या बाळंतपणांना डबे नेणारी माणसं. मी दोन्ही घरी गेले. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी दार उघडलं पण आत या म्हणाले नाहीत.

संपादक महोदय, आपलं दैनिक मी साताऱ्यात शाळेत असल्यापासून वाचते, आता ई-अंक वाचते. वाचकांच्या पत्रांत पूर्वी एसटी स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल, बंद पडलेल्या वाचनालयाबद्दल, कालव्याच्या आवर्तनाबद्दल पत्रं असत आणि चार दिवसांनी त्यांना विरोध करणारं दुसरं पत्रही येई. आता त्या जागी दिल्लीतल्या नेत्यांवरची पत्रं जास्त असतात, आणि ती कोण लिहिणार, काय लिहिणार, हे पहिल्या ओळीत कळतं. आठवड्यातला एक दिवस तरी ते पान फक्त गावच्या आणि तालुक्याच्या पत्रांसाठी राखून ठेवावं, पत्राखाली लेखकाचं नाव आणि गाव छापावं, आणि विरोधातलं पत्र आलं तर त्याला तेवढीच जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं, तर माझ्या मतदान केंद्राची हकीकत काढली तरी चालेल. पाम स्प्रिंग्जचा परिच्छेद मात्र ठेवावा.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
मूळ सातारा, सध्या यंग्जटाउनजवळ, ओहायो