डोळ्यांवरून मेंदूची परीक्षा

महोदय,

‘दोन मिनिटे मोबाइलकडे बघा, मेंदूची तल्लखता कळेल’ अशा छापाच्या जाहिरातींना भुलू नये. नजरेच्या हालचालींवरून लक्ष आणि आत्मनियंत्रण मोजता येते हे खरे. हॅलेट या संशोधकांनी १९७८ साली मांडलेली चाचणी त्यासाठी आजही वापरात आहे: ठिपका उजवीकडे उमटला की नजर डावीकडे न्यायची. निरोगी प्रौढही साधारण पाचातल्या एका वेळी चुकतो. तेव्हा चार चुका झाल्या म्हणून कुणाला विसरभोळे ठरवणे हास्यास्पद आहे. चुकल्यावर नजर आपणहून योग्य बाजूला वळली का, ते पाहायला हवे.

साध्या ठिपक्याकडे नजर वळायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांतच ३३ मिलिसेकंद जातात. तिथे वीस मिलिसेकंदांचा फरक सापडणार कसा? किमान २५० हर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला २५० वेळा नजर टिपणारे यंत्र, हनुवटीला आधार आणि नऊ ठिपक्यांचे कॅलिब्रेशन (ठिपक्यांकडे बघायला लावून यंत्र नजरेशी जुळवून घेणे) हवे. त्यातली सरासरी चूक अर्ध्या अंशाच्या आसपास असावी. काजळ आधी पुसायला लावावे. यंत्राच्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात ते बाहुलीइतकेच काळे दिसते आणि यंत्र पापणीची कडच बाहुली समजून बसते. खिडकीतले ऊन, बायफोकल चष्मा, ओघळलेली पापणी यांनीही असाच घोळ होतो.

८० मिलिसेकंदांच्या आत हललेली नजर निव्वळ अंदाजपंचे, ती मोजणीतून वगळतात. अहवाल घेताना ठिपका दाखवण्याच्या किती फेऱ्या बाद केल्या ते विचारा; निम्म्या बाद असतील तर चाचणी पुन्हा घ्यायला सांगा.

– एक वाचक, पुणे