‘न्याय्य युद्धा’चा हिशेब तीनदा मांडावा लागतो

संपादक महोदय,

युद्ध कधी न्याय्य असू शकते का, हा वाद सुरू झाला की १९७१च्या बांगलादेश युद्धाचा दाखला हमखास दिला जातो. एक बाजू म्हणते, याहून न्याय्य युद्ध दाखवा. दुसरी म्हणते, माणसे मेली ती मेलीच. दोघांचेही बोलणे पाकिस्तानी सैन्याच्या ढाक्यातल्या १६ डिसेंबरच्या शरणागतीपाशी थांबते. हा विषय शिकवणारे आम्ही दोघे. आमचे म्हणणे असे की, युद्धात उतरणे, ते लढणे आणि लढाई थांबल्यावर वागणे हे तीन वेगळे हिशेब आहेत. एका हिशेबातली जमा दुसऱ्यात धरता येत नाही.

पहिला हिशेब युद्धात उतरण्याचा. त्यात कारण, अधिकार, हेतू, यशाची शक्यता, होणाऱ्या हानीचे प्रमाण आणि दुसरा मार्ग उरला होता का, हे सगळे तपासावे लागते. १९७१मध्ये कारण होते, यात आम्हाला शंका नाही. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (म्हणजे पूर्व बंगालमधल्या) ढाक्यात नागरिकांवर गोळीबार सुरू केला आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी माणसे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय आणि आसामात येऊन पडली. छावण्यांत पटकी पसरली. शेजारच्या देशाचा ‘अंतर्गत प्रश्न’ म्हणून याकडे पाठ फिरवणे कोणत्याच नीतीत बसत नव्हते.

दुसरा मार्ग उरला होता का, हा प्रश्न मात्र अवघड आहे. उद्योगपर्वात पाच गावांवर तडजोड करायची तयारी दाखवून कृष्णशिष्टाई होते आणि ती फसल्यावरच सैन्य कुरुक्षेत्राकडे निघते. १९७१मध्येही शिष्टाई झाली. ३१ मार्चला संसदेने ठराव केला, जयप्रकाश नारायण यांनी परदेशांच्या राजधान्यांत जाऊन बांगलादेशाची बाजू मांडली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी युरोप-अमेरिकेचा दौरा करून आल्या. पण याच महिन्यांत सीमेलगत बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला भारताकडून शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळत होते. शिवाय, पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्यांमधून रणगाडे नेता येणार नव्हते आणि बर्फाने हिमालयातल्या खिंडी बंद होईपर्यंत चीनची धास्ती होती. म्हणजे थांबण्यामागे शांततेची आशा होती तशी हवामानाची गणितेही होती. कोणत्या कारणाचे वजन किती, हे प्रामाणिक अभ्यासकाने उघड सांगावे.

अधिकाराच्या कसोटीवर बाजू आणखी कमकुवत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षणाची मुभा देते. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले, ते कारण या कलमात बसते. पण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गरीबपूर येथे भारतीय तुकड्या सीमेपलीकडे लढत होत्या. ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्य माघारीची मागणी केली. खरे कारण होते कत्तल आणि निर्वासित, आणि त्यासाठी एखाद्या देशाला स्वतःच्या जबाबदारीवर सैन्य पाठवू देणारे कलम सनदेत नव्हते; आजही नाही. आमच्या मते ते युद्ध नैतिकदृष्ट्या समर्थनीय होते, कायद्याच्या दृष्टीने वादग्रस्त होते. ही दोन विधाने एकत्र करायला लोक का कचरतात, ते आम्हाला समजत नाही.

लढण्याच्या हिशेबात आपली बाजू बरीच चांगली आहे. लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांनी आकाशवाणीवरून पाकिस्तानी सैनिकांना शरण येण्याचे आवाहन केले तेव्हा जिनिव्हा करारानुसार वागणुकीची हमी दिली. पूर्वेत शरणागती होताच दुसऱ्याच दिवशी पश्चिमेलाही एकतर्फी युद्धबंदी झाली.

खरी गडबड तिसऱ्या हिशेबात आहे, आणि त्यावर जवळपास कोणी लिहीत नाही. तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम ११८ सांगते की, प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब सोडावे. सुमारे ९३ हजार सैनिक आणि नागरिक भारताच्या ताब्यात आले. त्यांच्या सुटकेचा करार ऑगस्ट १९७३मध्ये झाला आणि शेवटचे कैदी १९७४च्या एप्रिलमध्ये परतले. भारताचे म्हणणे होते की शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त फौजांपुढे झाली, त्यामुळे ढाक्याची संमती हवी. युक्तिवाद निराधार नाही, पण ‘विनाविलंब’ या शब्दात दोन वर्षे बसत नाहीत. उलट, त्या कैद्यांपैकी ज्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालायला हवे होते, तेही त्याच एप्रिलच्या भारत-पाकिस्तान-बांगलादेश त्रिपक्षीय करारानंतर खटल्याविना गेले. ज्या अत्याचारांविरुद्ध युद्ध केले, त्यांच्याबद्दल त्या १९५ जणांना शिक्षा झाली नाही. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात आलेले आणि युद्धानंतर सूडाला बळी पडलेले उर्दूभाषक बिहारी मुस्लिम, त्यांनाही न्याय मिळाला नाही. त्यांची कुटुंबे ढाक्यातल्या छावण्यांत पिढ्यानपिढ्या राहिली.

आता शांततावाद्यांकडे वळतो, कारण त्यांची थट्टा फार होते. १९७१च्या ऑगस्टमध्ये ‘ऑपरेशन ओमेगा’ नावाच्या ब्रिटिश-अमेरिकी शांततावादी गटाने पेट्रापोलहून सीमा ओलांडून अन्न पूर्व बंगालमध्ये नेण्याचा प्रयत्न केला. पाकिस्तानची परवानगी त्यांनी मुद्दामच घेतली नाही. भुकेल्यांना अन्न द्यायला सरकारची परवानगी लागत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना अडवले, परत पाठवले, तरी ते पुन्हा गेले. त्यांच्यातल्या दोघांना दोन वर्षांची शिक्षा होऊन जशोरच्या तुरुंगात टाकले. डिसेंबरमध्ये भारतीय सैन्याने जशोर घेतले तेव्हा ते सुटले.

यावरून शांततावाद हरला असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्या गटाने नेलेले अन्न लाखोंना पुरणारे नव्हते हे खरे, आणि सैन्याने तुरुंगाचे दार उघडले हेही खरे. पण सैन्य २५ मार्चनंतर आठ महिन्यांनी आले. त्या आठ महिन्यांत निःशस्त्र माणसे स्वतःहून तुरुंगाचा धोका पत्करून सीमा ओलांडत होती. शांततावाद्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: अशी माणसे हजारोंनी हवी असतील, तर त्यांची निवड, प्रशिक्षण, रसद आणि त्यांच्या घरच्यांची सोय शांततेच्या काळात कोण करते? लष्कर ही तयारी बारा महिने करते. ती न करता ‘युद्ध नको’ म्हणणे म्हणजे त्या एक कोटी लोकांना उत्तर न देणे.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. कलम ५१खाली बळ वापरणाऱ्या देशाला तसे सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावे लागते. ही पत्रे लेखी आणि सार्वजनिक असतात. जगात कुठेही युद्ध सुरू झाले की नकाशे आणि शस्त्रांच्या चौकटींसोबत त्या पत्राचा मराठी अनुवाद छापावा, आणि सहा महिन्यांनी ते पत्र व तोवरची प्रत्यक्ष कृती शेजारी शेजारी ठेवावी.

आपले,
आंतरराष्ट्रीय कायदा व शांतता-अभ्यासाचे दोन अध्यापक, पुणे