आबांचा अंगठा आणि कळलावी

कोल्हापूर,
श्रावण, सोमवार

प्रिय अव्या,

फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून कागद घेतला.

आखाडात आबांनी सलग चार जेवणं झोडली. पांढरा रस्सा वाटीनं नव्हे, तांब्यानं. मग एका रात्री उजव्या पायाचा अंगठा लालबुंद. चादर लागली तरी ओरडायचे. डॉक्टर म्हणाले, गाऊट. सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे खडे साठलेत. गोळी दिली कोल्चिसिन.

नाव वाचलं आणि विद्यापीठातली आपली बायोकेमिस्ट्री आठवली. ही गोळी खड्यांना हातही लावत नाही. खडे गिळायला ज्या पांढऱ्या पेशी झुंडीनं धावतात, त्या न्यूट्रोफिलना ती अडवते. ठणका त्यांच्याच गर्दीचा.

पेशी चालते कशी, आठवतंय? पुढच्या कडेला पीआय३-कायनेज नावाचं एन्झाइम पेशीच्या पटलातल्या चरबीवर फॉस्फेटची खूण करतं, रॅक नावाचं स्विचसारखं प्रथिन जागं होतं, अ‍ॅक्टिनच्या प्रथिनधाग्यांना फांद्या फुटतात आणि कड पुढं सरकते. मागं ऱ्हो हे तसंच दुसरं प्रथिन आणि त्याचं कायनेज मायोसिनला, म्हणजे धागे ओढणाऱ्या प्रथिनाला, आवळायला लावतं, म्हणजे शेपूट ओढली जाते. पुढं रॅकचं राज्य, मागं ऱ्होचं.

आपण पेपरात काय लिहिलं होतं? कोल्चिसिन ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्यापासून बनणाऱ्या सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्या, जुळत नाहीत, सांगाडा मोडला, पेशी बसली. मार्कही मिळाले, लेका! पण या नळ्यांना जीईएफ-एच१ नावाचं प्रथिन बांधलेलं असतं. नळ्या मोडल्या की ते सुटतं आणि ऱ्होला चेतवतं. मग पेशी लुळी पडत नाही, उलट अंग आवळते. जोर अंगात आहे, दिशा गेली. आपण ज्याला घराचा खांब समजत होतो तो खुंटा निघाला. उपटला आणि बैल सुटला. गोळीची इतरही कामं आहेत, पण मला हेच भारी वाटलं.

गेल्या आठवड्यात पन्हाळ्याला गेलो होतो. कुंपणावर कळलावी फुललेली, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. कोल्चिसिन तिच्यातही असतं. कंद पोटात गेला तर माणूस जातो, त्यामुळे शेजारच्या काकांना हे सांगितलेलं नाही; ते काढा उकळायला बसतील.

आबांचं पोट गोळीनं दोन दिवस ढिलं होतं. आता चप्पल घालून रंकाळ्यापर्यंत जातात. काल विचारत होते, रस्सा नको तर नको, खिमा चालतोय का?

तुझा,
सुऱ्या