मे महिन्यात नको, हुरड्याला ये

वाई,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय नंदे,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं आणि रात्री गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतेस हे ऐकून घरात आनंदीआनंद झाला. फक्त आमच्या आईंनी पातेल्यात फिरणारा पळा थांबवला आणि म्हणाल्या, "मेमध्ये काय ठेवलंय? तिला लिही, हुरड्याला ये म्हणावं." त्यांचं अगदी खरं आहे. ते का खरं आहे, हे तुला पटवावं म्हणून आज सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. वाईत बघण्यासारखं काय आहे, आणि मुलं दिवसभर करतील काय.

बघण्याचं आधी सांगते. कृष्णेच्या काठावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी आपटलं की दोन्ही बाजूंना वाटून जावं. तुझ्या ओजसला भिंतीजवळ नेऊन हे दाखवलं की तो लगेच नदीकडे बघून पूर कुठवर येत असेल याचा हिशेब करू लागेल, मला खात्री आहे. जवळच मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागे उतरणारा सुंदर घाट. घाटावरच्या लहानशा देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधून आलेली ही घंटा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात बांधून घेतला की मेणवलीत अर्धा दिवस छान जातो.

पण ही घंटा बारा महिने तिथंच आहे. ती बघायला तू मेमध्ये ये की श्रावणात, तिला काही फरक पडत नाही. आणि घंटा बघून झाली की मुलं विचारतातच, आता काय? तुझा दुसरा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर मात्र महिन्यावर ठरतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एका गोष्टीचं मला फार नवल वाटायचं. सहलीची तारीख इथं कुणी ठरवतच नसे. पौष जवळ आला की खटावकडून ह्यांच्या मामांचा निरोप यायचा, "ज्वारी चिकात आली, पुढच्या आठवड्यात निघा." की झालं. मग कुणाची परीक्षा असो, कुणाकडे पाहुणे असोत, सगळं त्याच्याभोवती बसवायचं. कारण कणसातला दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकाळतो, मग हुरड्यात येतो, आणि त्या नेमक्या अवस्थेत तो जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतो. त्यानंतर दाणा टणक होतो आणि त्याची भाकरीच करावी लागते. मामा थोड्या जागेत खास हुरड्यासाठी गूळभेंडी पेरतात. तिचा दाणा गोड असतो आणि कोंड्यातून चटकन सुटतो. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले मधुर' हे हुरड्याचं वाणही पुष्कळजण लावतात, पण मामांचा जीव गूळभेंडीवर.

त्या दिवसाचं तुला काय काय सांगू! पहाटे अंधारात निघायचं, मुलं शालीत गुरफटलेली. शेतावर पोचेपर्यंत दव असतं आणि ज्वारीच्या ओळीतून चालताना गुडघ्यापर्यंत ओलं व्हायला होतं. मामांनी बांधाजवळ खड्डा करून शेणी पेटवून ठेवलेल्या असतात. जाळ विझून निखारे फुलले की ती आगटी तयार. कणसं त्यात खुपसायची, हिरवा रंग तांबूस-काळा झाला की बाहेर काढायची, आणि तशीच चटका सोसत तळहातावर चोळायची. फुंकर मारली की कोंडा उडतो आणि पोपटी, वाफाळते दाणे उरतात. चोळायचं काम मामा कुणाला देत नाहीत, पण मुलांना देतात. आमच्या केदारचे तळवे लालबुंद होतात तरी तो हटत नाही, कारण आपण चोळलेला हुरडा आजीच्या ताटात पडतो याचा त्याला केवढा अभिमान! सोबत लसणाची चटणी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, नवा गूळ. मधे कुणीतरी हरभऱ्याचे डहाळे उपटून आणतं आणि तेही आगटीत जातात. ऊस असतो, बोरं असतात. पाणी मात्र कुणी मागायचं नाही. हुरड्यावर ताकच प्यायचं, हा मामींचा दंडक.

जेवणं झाली की मोठी माणसं जांभळीखाली आडवी होतात. मुलं कुठे आहेत हे कुणीही विचारत नाही. ती विहिरीच्या कट्ट्यावर नाहीत ना, एवढं मामा एक डोळा उघडून बघतात आणि पुन्हा झोपतात. नंदे, दिवसभर मुलं करतील काय, असं तू विचारलंस ना? माझी अनू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकदाही "आता काय" म्हणत नाही.

आणि हुरड्यालाच ये म्हणण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. हॉस्टेलवर मेसचं जेवण पुढ्यात आलं की तू रोडग्यांचं वर्णन करायचीस. तुझे बाबा सगळ्या घरादाराला घेऊन देवदर्शनाला जायचे, तिथं झाडाखाली गोवऱ्यांची रास पेटायची, जाडसर कणकेचे रोडगे त्यात भाजायचे, आणि राख झटकून, फोडून, वर तुपाची धार सोडून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर सगळे जेवायचे. ते ऐकून मला पोळी घशाखाली उतरत नसे. आम्हा साताऱ्याकडच्यांना हा प्रकार ठाऊकच नाही. मी मामांना तुझ्या रोडग्यांविषयी सांगून ठेवलं आहे. हुरडा झाला की आगटी तशीच धगधगत असते, ती तुझ्या ताब्यात द्यायला ते एका पायावर तयार आहेत. वांगी शेतातलीच. बाबा गेल्यापासून तू रोडगे केले नाहीस असं मागे लिहिलं होतंस. मुलांनी ते खाल्लेच नसतील. इथे कर. माझ्या मुलांनाही शिकव.

तू संक्रांतीच्या आठवड्यात आलीस तर भोगीही साधेल. भोगीची भाजी ही मला सगळ्या सणांच्या जेवणात श्रेष्ठ वाटते, अगदी पुरणपोळीपेक्षासुद्धा. हरभऱ्याचे सोले, पावट्याचे दाणे, घेवडा, गाजर, छोटी वांगी, ओले शेंगदाणे, तिळाचं कूट. त्या आठवड्यात बाजारात जे जे कोवळं येतं ते सगळं एका पातेल्यात. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी ओसरीवर बसून सोले सोलायचे असतात, त्यात गप्पा इतक्या रंगतात की निम्मे सोले तोंडातच जातात. तुमच्या बंगळुरूतही याच दिवसांत अवरेकाई येतात ना? आपल्या पावट्याचीच ती भावंडं. येताना पिशवीभर आण, या खेपेला भोगीत आपण त्याही घालू. आणि तिकडे संक्रांतीला वाटतात तो एळ्ळु-बेल्लाही आण, तीळ, गूळ, खोबरं, दाणे आणि डाळं घातलेला. आईंना त्याचं मोठं कुतूहल आहे. तुझ्या सईसाठी त्या काट्याचा हलवा स्वतः करायचं म्हणताहेत. मंद आचेवर एकेका तिळाला पाक चढवत तासन्‌तास बसायचं काम आहे ते, आणि आईंच्या बोटांना ते अजून जमतं.

एक दिवस पसरणीचा घाट चढून वर जाऊ. पाचगणी-महाबळेश्वरकडे पाऊस ओसरला की स्ट्रॉबेरीची रोपं लावतात आणि डिसेंबरपासून फळ लागतं. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्यावरच्या खोक्यातली घेऊ नकोस. ओळखीच्या मळ्यात जाऊ, मुलांना वाफ्यातून हातानं खुडू दे. पिकलेली कोणती हे ओळखायला शिकायलाच अर्धा तास जातो, देठाजवळ पांढरं असेल तर अजून वेळ आहे. तिथूनच भिलारला जाता येईल. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे. गावातल्या घराघरांत मराठी पुस्तकांची कपाटं आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. ओजस आता जोडाक्षरं वाचतो असं लिहिलंस, त्याला तिथं तासभर सोडून देऊ.

मे महिन्यात यातलं काहीच नसतं गं. शेतं उघडी, घाटात गाड्यांची रांग, आणि वर पोचल्यावर माणसंच माणसं. करवंदं आणि जांभळं तेवढी असतात, त्यांच्यासाठी मी मेला नावं ठेवणार नाही. पण बंगळुरूहून एवढ्या लांब येऊन मुलं गर्दीत उभी राहिलेली मला बघवणार नाहीत.

माझ्या मनातलं विचारशील तर मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे तो चैत्रातला कुरडयांचा चीक. त्याला तू येऊ शकणार नाहीस, म्हणून निदान लिहिते. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, तेव्हा घरभर एक आंबूस वास असतो. मग वाटून, पिळून, गाळून ते दूध रात्रभर निवळत ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की खाली घट्ट पांढरं सत्त्व. मोठ्या पातेल्यात मीठ-हिंगाचं आधण, एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं न थांबता घाटायचा. गुठळी होऊ द्यायची नाही. पांढरा चीक काचेसारखा चकाकायला लागला की शिजला. सोऱ्यात भरण्याआधी पहिली वाटी मुलांची, वर तूप किंवा साखर-दूध. मग गच्चीवर जुन्या साडीवर कुरडयांची वेटोळी, आणि कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन बसलेली पोरं, जी दुपारपर्यंत अर्धवट वाळलेल्या, बाहेरून कोरड्या आणि आतून लिबलिबीत कुरडया स्वतःच फस्त करतात. आई ते बघतात आणि मुद्दाम चार जास्त घालतात. शेजारच्या काकू, समोरच्या वहिनी, सगळ्या एकमेकींच्या कुरडयांना जातात. हल्ली विकतच्या आणणारी घरं वाढली, त्या तळल्यावर छान फुलतातही. पण चीक विकत मिळत नाही, आणि माझ्या मुलांना तो दर वर्षी मिळावा म्हणून मी अंगात ताकद आहे तोवर गहू भिजवणार.

कास पठाराविषयी विचारलं होतंस. मागच्या महिन्यातच जाऊन आलो. पठारावर कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर, म्हणून झाडं धरत नाहीत आणि पावसाळ्याच्या शेवटी सगळी जागा इवल्याइवल्या फुलांची होते. तेरडा, सोनकी, गेंद. सीतेची आसवं नावाचं निळसर जांभळं फूल दिसायला इतकं नाजूक, आणि त्याच्या बुडाशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात, कारण त्या मातीत पोषण कमी. अनूनं हे ऐकल्यापासून ती प्रत्येक फुलाकडे संशयानं बघते. ते सप्टेंबरचं काम, पुढे कधीतरी.

तर आता जानेवारीचं पक्कं कर. मुलांच्या शाळेला दोन-तीन दिवस दांडी पडेल, पडू दे. सुट्टी मात्र चार दिवस पुढंमागं सरकवता येईल अशी ठेव, कारण थंडी कशी पडते त्यावर दाणा भरतो आणि मामा पक्का दिवस आठवडाभर आधीच सांगू शकतात. पुण्याकडे जाणाऱ्या बसनं आलीस तर साताऱ्यानंतर पाचवडला उतर, हे गाडी घेऊन येतील. मुलांना कानटोप्या आणि स्वेटर हवेतच, खटावची पहाट तुमच्या बंगळुरूच्या थंडीपेक्षा बोचरी असते. शेतावर घालायला जुने कपडे आण, हुरड्याचं काळं लवकर निघत नाही. रोडग्यांसाठी गहू किती जाडसर दळून ठेवायचा ते दिवाळीच्या आत कळव, मी इथल्या गिरणीवाल्याला सांगून ठेवते.

ओजसला आणि सईला गोड पापा. भाऊजींना नमस्कार.

तुझीच,
मीरा