गवतपड म्हणून नोंदलेली धावपट्टी : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शिवारात एका माळावर खासगी मालकीची गवताळ धावपट्टी होती. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत तिथे वर्षानुवर्षे ‘गवतपड’ असे लिहिले आहे. तलाठ्याचे काही चुकले नाही, गवतच होते. पण त्या गवतावर विमान उतरे, हे महसुलाच्या कागदावर कुठेच आलेले नाही. आता तो माळ सौर प्रकल्पाला भाड्याने द्यायची बोलणी चालू आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. कोरडवाहू माळाच्या धन्याने ते नाकारावेत असे मी म्हणणार नाही. मीही घेतले असते. माझे मागणे खांब रोवण्याआधीच्या मोजणीचे आहे.

पट्टी माळावरच का, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चाक तिथे दोन्ही ऋतूंत अडकणार. मुरमाड माळावर पाणी निचरून जाते आणि गवत माती धरून ठेवते. पट्टी पूर्व-पश्चिम आहे, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवावे लागते. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड होते. त्यातले बरेच आता बांधात गेले आहेत.

दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात, कोणी ना कोणी सांगतोच, की इथे निजामाची शस्त्रे उतरली. ऐकायला झकास, पण मला पटत नाही. १९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे आणली हे खरे. पण त्याची लँकेस्ट्रियन विमाने चार इंजिनांची, बॉम्बफेकी विमानावरून बेतलेली. ती आमच्या माळावर कुठून उतरणार? गावातली म्हातारी माणसे वर्णन करतात ते दोघांपुरत्या विमानाचे : पंख डोक्यावर, अंगाला कापड मढवलेले. ते पुष्पकशी जुळते. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक पहिल्यांदा उडाले १९५८ मध्ये, म्हणजे निजामी संपून दहा वर्षे झाल्यावर.

पट्टी बंद पडली तीही कुठल्या आदेशाने नव्हे. १९६१ चा कमाल शेतजमीन धारणेचा, म्हणजे सिलिंगचा, कायदा आला, १९७५ ला मर्यादा आणखी खाली आली. धन्याची काही जमीन गेली, उरलेल्यात भावांचे वाटे पडले, आणि पट्टीवर आडवा बांध आला. बांध आल्यावर विमान कसले उतरते!

सरकारी पट्ट्यांचे तसे नाही. नांदेड, लातूर, धाराशिव, सगळ्यांच्या फायली आहेत, २००९ मध्ये त्या खासगी कंपनीला चालवायला दिल्याचे करारही आहेत. ज्या पट्टीवर महिनोन्‌महिने प्रवासी विमान येत नाही तिचाही कागद जपला जातो. खासगी पट्टीच्या वाट्याला फक्त गवतपड.

साहेब, कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे बसवली गेली. म्हणजे मनात आणले तर आपले खाते कागद शोधू शकते. १९५४-५५ च्या खासरा पाहणीपासून, म्हणजे शेतवार जमीन-नोंदीपासून, पुढची पत्रके, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि सिलिंगची प्रकरणे एकत्र लावून पाहावीत. जिथे खासगी पट्टी आढळेल तिथे भूमी अभिलेख खात्याने तिची लांबी, दिशा आणि गट क्रमांक नकाशावर घ्यावेत. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काही चढवू नये. तसे केले तर धन्याचा भाडेकरार अडेल आणि पुढच्या वेळी कोणी पट्टी दाखवणारच नाही.

आमच्याकडची मोजणी मात्र उन्हाळ्यात लावा. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत येते, उरलेले कडेचे दगड सापडत नाहीत. ते ओळखून दाखवणारी माणसे गावात आहेत, पण ती ऐंशीच्या पुढची आहेत. तेव्हा हा उन्हाळा सोडू नये.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी