खा खा म्हणून मागं लागू नका

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या वहिनीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, स्लीव्हचं, यात जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी निमुळती पिशवी. मग आधी नुसतं पातळ, नंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं काही आठवडे चालतं. वहिनी चहाच्या चमच्यानं मुगाचं वरण घेते, चमचा खाली ठेवते, थांबते, मग पुढचा घास, आणि एवढ्याशा वरणाला २०-३० मिनिटं लागतात, ती लागायलाच पाहिजेत.

पण आपल्या सांगलीत भेटायला येणारे भडंग, पेढे घेऊन येतात आणि "अगं एवढंच? खा की पटापट" म्हणून मागंच लागतात, हे खरंच बंद करा हो. घाईत एक घास जास्त गेला तरी छातीत दाटतं, तोंडात लाळ सुटते, उलटी होते. जेवताना पाणीपण नको, अर्ध्या तासानं घोट घोट. आणि उलट्या सारख्या होत असतील तर आलं-लिंबू देत बसू नका, सरळ डॉक्टरांना फोन करा, बी-१ व्हिटॅमिन कमी पडून नसांना त्रास होऊ शकतो.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली