जतन केलेले सिलेक्शन लोड करताना कडा बिघडत असल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : नव्या आवृत्तीत सिलेक्शनची मऊ कडा नाहीशी होण्याबाबत.

महोदय,

कोल्हापुरात गुजरीतील सराफांसाठी दागिन्यांची छायाचित्रे काढून ती छपाईयोग्य करून देण्याचे काम आमचा स्टुडिओ करतो आणि त्यासाठी आपल्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचे वार्षिक सबस्क्रिप्शन घेतो. नव्या आवृत्तीतील एका दोषामुळे आमचे नुकसान झाले असून, मदत कक्षाशी झालेल्या पत्रव्यवहारातून काही निष्पन्न न झाल्याने ही तक्रार आपल्याकडे करीत आहे.

सिलेक्शन (चित्रातील हव्या त्या भागाची निवड) करून, त्याला फेदर (हळूहळू विरत जाणारी मऊ कड) देऊन ते चॅनलमध्ये (फाइलमधील करड्या छटांच्या थरात) जतन केले आणि फाइल पुन्हा उघडून लोड केले, की कडेचा मऊपणा पूर्णपणे गेलेला असतो. आठ बिटच्या चॅनलमध्ये प्रत्येक पिक्सेलची निवड ० ते २५५ या पातळ्यांत नोंदवलेली असते, त्यामुळे कडेचे पिक्सेल अंशतः निवडलेले राहू शकतात. नवी आवृत्ती मात्र निम्म्याहून अधिक निवडलेला पिक्सेल पूर्ण धरते आणि बाकीचे सोडून देते. चॅनल स्वतंत्रपणे उघडल्यास करड्या छटा जिथल्या तिथे दिसतात आणि जुनी आवृत्ती असलेल्या संगणकावर तीच फाइल नीट चालते. अर्थात बिघाड जतन करण्यात नसून लोड करण्यात आहे.

कोल्हापुरी साजाचे छायाचित्र घेतले तर चंद्र, मासा, बेलपान अशी नाजूक पाने, त्यांच्यामधले मणी आणि मण्यांच्या फटींतून दिसणारी लाल मखमल, हे सगळे वेगळे करावे लागते. एका क्लिकने सारख्या रंगाचा भाग निवडणारे मॅजिक वँड तेथे निरुपयोगी ठरते, कारण सोन्याच्या एकाच पानावर चकाकी जवळजवळ पांढरी आणि सावली तांबूस तपकिरी असते. टॉलरन्स (रंगात किती फरक चालेल ती मर्यादा) वाढवला तर मखमलही निवडली जाते, कमी ठेवला तर पानाच्या मधोमध भोके पडतात. म्हणून आम्ही लॅसोने, म्हणजे हाताने बाह्यरेषा काढून, सिलेक्शन करतो, क्विक मास्कमध्ये (निवड रंगाच्या थरासारखी दाखवणाऱ्या सोयीत) ब्रशने कडा हाताने सुधारतो आणि ते जतन करून ठेवतो, म्हणजे सराफांनी पुढे पार्श्वभूमी बदलायला सांगितली तरी तेच काम पुन्हा करावे लागत नाही. आता असा साज पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला की मण्यांच्या गोलाईला करवतीसारखे दाते येतात. एका कॅटलॉगमध्ये हा दोष छापून आल्यावरच लक्षात आला आणि त्या पानांची फेरछपाई आम्हाला पदरमोड करून द्यावी लागली.

आपल्या प्रतिनिधीने कळवले, की दोन्ही आवृत्त्यांतील स्क्रीनशॉटमध्ये सिलेक्शनची हलती तुटक रेषा सारखीच दिसते, तेव्हा सिलेक्शन बरोबरच आहे. ती रेषा केवळ पन्नास टक्के निवडीची सीमा दाखवते, तिच्या दोन्ही बाजूंच्या अंशतः निवडलेल्या पिक्सेलांविषयी ती काहीच सांगत नाही. आणि ही गोष्ट सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना ग्राहकाने समजावून सांगावी लागावी, याचे नवल वाटते. फेदर पुन्हा द्यावे, हा त्यांचा दुसरा सल्लाही कामाचा नाही. फेदर सगळ्या कडेला सारखाच लागतो, तर आम्ही मण्याची कड रेखीव आणि गोंड्याच्या धाग्यांची कड मऊ ठेवलेली असते.

तरी हा दोष कधी दुरुस्त होईल ते लेखी कळवावे, तोवर आमच्या सर्व संगणकांवर जुनी आवृत्ती वापरण्याची सोय करून द्यावी आणि फेरछपाईचा खर्च भरून द्यावा, ही विनंती. पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

तपासणी सोपी जावी म्हणून फेदर दिलेल्या साध्या वर्तुळाची फाइलही पाठवत आहे. तिच्यातील सिलेक्शन लोड करून काळा रंग भरल्यास दोष लगेच दिसेल.

आपला,
स्टुडिओचालक, कोल्हापूर

सोबत : नमुना फाइल, दोन्ही आवृत्त्यांतील स्क्रीनशॉट, फेरछपाईचे बिल